नागपुरात मोरे ईल पाळायची असेल तर आधी मे महिना पार पाडा

मोरे ईल, म्हणजे समुद्रातला सापासारखा लांब मासा, पाळायची आहे म्हणून विचारणारे आजकाल बरेच जण भेटतात. कुणी व्हिडिओ पाहिलेला असतो, कुणी मुंबईला नातेवाइकांकडे गेला असताना दुकानात दगडामागून डोकं काढून बघणारी ईल पाहून आलेला असतो, आणि पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, कुठे मिळेल आणि केवढ्याला. मी दरवेळी सांगतो की भाऊ, ईल सगळ्यात शेवटी आणायची. समुद्र आपल्यापासून दोन्ही बाजूंनी शेकडो किलोमीटर लांब, मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि हिला बाराही महिने २४ ते २७ डिग्रीचं खारं पाणी पायजे. म्हणून माझा हिशोब असा की मार्चमध्ये टँक लावा, एक अख्खा उन्हाळा तो रिकामा चालवा, मे-जूनमध्ये पाणी २७ च्या आत राहिलं तरच दिवाळीच्या सुमारास ईल आणा. सात-आठ महिने नुसतं पाणी आणि दगड बघत बसायचं जिवावर येतं, पण या काळात ज्या चुका होतात त्या पाण्यावर होतात, जिवावर नाही.

कोणती ईल

मोरे ईलच्या जगात २०० च्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक घरात ठेवण्यासारख्या नाहीत. जायंट मोरे ३ मीटरपर्यंत जाते, हनीकोंब मोरे दुकानात असते तेव्हा हातभर असते आणि नंतर तुमच्या टँकपेक्षा लांब होते, दोघींचे दात सुईसारखे. नवीन माणसानं स्नोफ्लेक मोरेच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. पांढरट अंगावर काळी नक्षी, त्यात पिवळे ठिपके, टँकमध्ये साधारण ६०-७० सेंटिमीटरची होते, समुद्रात मीटरभर. हिचे दात बोथट असतात कारण ही खेकडे-झिंगे फोडून खाणारी जात आहे, त्यामुळे मोठ्या माशांबरोबर बऱ्यापैकी नांदते. झेब्रा मोरे पण स्वभावानं गरीब, पण ती दीड मीटरपर्यंत वाढते, चार फुटी टँकवाल्यानं तिच्या नादी लागू नये. आणि निळी-पिवळी रिबन ईल कितीही सुंदर दिसली तरी घेऊ नका, ती टँकमध्ये बहुतेक वेळा खातच नाही, हळूहळू उपाशी मरते, आणि ते बघवत नाही.

इथं एक धोका सांगतो जो आपल्यासारख्या समुद्रापासून लांबच्या गावात जास्त आहे. 'फ्रेशवॉटर स्नोफ्लेक ईल' म्हणून एक मोरे विकतात, गोड्या पाण्याच्या टँकमध्येच ठेवलेली असते, स्वस्त असते, माणूस खूश होतो की चला, मिठाची भानगड नाही. तिचं नाव जिम्नोथोरॅक्स टाइल, ती नदीच्या मुखाजवळच्या मचूळ पाण्यातली आहे, निव्वळ गोड्या पाण्यात ती काही काळ काढते, मग खाणं सोडते आणि खंगत जाते. वैनगंगेत आपल्याला वाम मिळते, तिच्यावरून पण बऱ्याच जणांना वाटतं की ईल म्हणजे नदीतलंच काहीतरी, पण त्या वामचं आणि मोरेचं काही नातं नाही, दिसायला लांब एवढंच.

घरच्यांना आधीच सांगून ठेवा की ईल तोंड उघडते-मिटते ते चावायला नाही, श्वास घ्यायला. तिला बाकी माशांसारखं कल्ल्यावरचं झाकण नसतं, दोन्ही बाजूंना छोटी गोल भोकं असतात, तोंडानं पाणी आत ओढून ती त्या भोकांतून बाहेर ढकलते. आणि तिच्या घशात दुसरा जबडा असतो, हे खरंच आहे, २००७ मध्ये रीटा मेहता आणि पीटर वेनराइट या कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की पुढच्या जबड्यानं धरलं की घशातला जबडा पुढे येतो, भक्ष्य पकडतो आणि आत ओढून घेतो. हे मी नवल म्हणून सांगून नाही राहिलो, खाऊ घालताना हात दूर ठेवायचं कारण हेच आहे.

टँक आणि जागा

स्नोफ्लेकला किमान ४ फूट लांब, २ फूट रुंद, दीड फूट उंच टँक घ्या. यात काठोकाठ ३४० लिटर बसतं, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली की प्रत्यक्ष पाणी ३०० च्या आसपास. उंचीचा तिला काही उपयोग नाही, ती जमिनीलगत राहणारी, म्हणून पैसे रुंदीवर घाला. काच, स्टँड, दगड, पाणी धरून वजन ४००-५०० किलोवर जातं, तेव्हा वरच्या मजल्यावर राहत असाल तर खोलीच्या मधोमध नको, भिंतीला लागून, खाली बीम असेल तिथे ठेवा. लोखंडी स्टँडला चांगला रंग मारून घ्या, खारं पाणी कुठूनतरी ठिबकतंच.

खाली एक सम्प पायजे, म्हणजे टँकला जोडलेली दुसरी छोटी टाकी, त्यात प्रोटीन स्किमर, म्हणजे बुडबुड्यांनी पाण्यातली घाण फेसात ओढून काढणारं यंत्र. स्किमर तुमच्या टँकच्या दुप्पट पाण्यासाठी असलेला घ्या कारण ईल आठवड्यातून दोनदाच खाते पण जे खाते ते चिंध्या करून खाते आणि पाणी घाण करते. हीटर पण घ्या. हो, नागपुरात हीटर. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० च्या आसपास येतो, टँकचं पाणी सकाळपर्यंत २० पर्यंत उतरू शकतं. फक्त हीटर टँकमध्ये न लावता सम्पमध्ये लावा, ईल उबदार वस्तूला वेढा घालून बसते आणि खवले नसलेली कातडी भाजते.

उन्हाळा

हा खरा मुद्दा. एप्रिल-मेमध्ये आपली हवा कोरडी असते, म्हणून पाण्यावर दोन छोटे पंखे लावले तर बाष्पीभवनानं पाणी तीन-चार डिग्री सहज उतरतं. मुंबईवाल्यांना हे तेवढं जमत नाही, त्यांच्याकडे दमट हवा. पण आपल्या घरात कूलर असतो, आणि टँकच्या खोलीत कूलर चालू केला की खोली गार होते पण हवा ओली होते, मग पंख्याचा परिणाम कमी होतो. दोन्ही मिळून भागेल असं वाटतं आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात भागतं पण. खरा घात जूनमध्ये होतो, पहिला पाऊस पडून गेला की उकाडा सुरू होतो, कूलर नुसता चिकचिक करतो, पंखे काही काम करत नाहीत आणि पाणी ३१-३२ वर जातं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, खाऱ्या पाण्यात त्याहून कमी, ईल दगडाबाहेर येऊन जोरजोरात तोंड हलवायला लागते. म्हणून चिलर, म्हणजे पाणी गार करणारं मशीन, घ्यावाच लागतो. ३०० लिटरला पाव एचपीचा घ्या, त्याहून छोटा घेतला तर आपल्याकडे दिवसभर बंदच होत नाही आणि लवकर जातो. चिलर गरम हवा बाहेर फेकतो, त्याला बंद कपाटात कोंबू नका, खिडकीजवळ ठेवा. ज्यांच्याकडे टँकच्या खोलीत एसी आहे आणि तो चोवीस तास चालतो त्यांचं चिलरविना चालेल, पण महिन्याचं बिल आधी जोडून बघा.

बाष्पीभवनाचा दुसरा हिशोब मिठाचा. पाणी उडतं, मीठ उडत नाही. माझ्या टँकमधून मे महिन्यात पंखे चालू असताना रोज ८-९ लिटर पाणी जातं. म्हणजे चार दिवस कुणी पाणी घातलं नाही तर ३०० लिटरमधलं ३५ लिटर गेलं, आणि ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) पाणी ४० च्या जवळ पोचलं. ही भर नेहमी साध्या आरओ पाण्याची घालायची, खाऱ्या पाण्याची नाही, इथं खूप जण चुकतात. काचेवर मार्करनं एक रेघ मारून ठेवा आणि रोज सकाळी चहाच्या आधी रेघेपर्यंत पाणी घाला, नाहीतर हे काम आपोआप करणारं ऑटो टॉप-ऑफ लावा.

लाइट गेली तर काय, हे पण आत्ताच ठरवा. इन्व्हर्टरवर चिलर चालणार नाही, पण सम्पातलं पाणी टँकमध्ये परत चढवणारा रिटर्न पंप आणि एअर पंप चालेल, तेवढं केलं तरी जीव वाचतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप एक वेगळा घेऊन ठेवा. सगळी वायरिंग ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरून (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) घ्या आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली पडतं.

पाणी

नळाचं पाणी थेट नको, त्यात क्लोरीन असतं. बोअरचं तर अजिबात नको, क्षार भरपूर. आरओ पायजे, पण स्वयंपाकघरातल्या आरओला चवीसाठी थोडं साधं पाणी मिसळायचा कंट्रोलर असतो, त्यामुळे टीडीएस ५०-१०० येतो, पिण्याला चांगला, टँकला नाही. तो कंट्रोलर पूर्ण बंद करून घ्या, पुढे उरलेले क्षार काढणारं एक डीआय कार्ट्रिज जोडा आणि टीडीएस ० ते ५ दाखवेपर्यंत पाणी घेऊ नका.

मीठ म्हणजे मरीन सॉल्ट मिक्स, घरातलं मीठ नाही, जाडं मीठ पण नाही, समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अजून बरंच काही असतं. लिटरला अंदाजे ३६ ते ३८ ग्रॅम, म्हणजे पहिल्यांदा ३०० लिटरला ११ किलोच्या आसपास. पाण्यात मीठ टाकायचं, मिठावर पाणी नाही, नाहीतर खाली पांढरा गाळ बसतो तो विरघळतच नाही. मोठ्या ड्रममध्ये पंप सोडून रात्रभर फिरवा आणि खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरनं मोजा, ३५ पीपीटी किंवा स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२६. तरंगणारं स्वस्त हायड्रोमीटर बुडबुडा चिकटला तरी चुकीचं दाखवतं, त्याच्या भरवशावर राहू नका.

दगड, रेती आणि कायदा

समुद्राला गेलो की किनाऱ्यावरून कोरलचा दगड आणू असं डोक्यात असेल तर काढून टाका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आपल्या समुद्रातले प्रवाळ वाघाच्याच शेड्यूलमध्ये आहेत, मेलेला तुकडा घरी ठेवला तरी गुन्हा होतो. कुणी 'इंडियन लाइव्ह रॉक' म्हणून समुद्रातून काढलेला दगड स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका. सिरॅमिकचे किंवा माणसानं बनवलेले कोरडे दगड मिळतात, ते घ्या. सिमेंटचे असतील तर महिना-दोन महिने पाण्यात भिजत ठेवून पाणी बदलत राहा, नाहीतर पीएच चढतो.

दगड आधी खालच्या काचेवर टेकवा, रेती नंतर टाका. ईल रेती उकरते, दगड रेतीवर ठेवला असेल तर खालून पोकळ होऊन तिच्याच अंगावर पडतो. एकमेकांना एपॉक्सीनं चिकटवा, हलवून बघा, हललं नाही पायजे. बांधकामाची कन्हानची रेती घरात पडलेली असते म्हणून ती टाकू नका, त्यात माती येते, सिलिका येतं, काचेवर तपकिरी थर धरतो आणि कण टोकदार असतात. अरॅगोनाइट सँडचा, म्हणजे टँकसाठी मिळणाऱ्या चुनखडीच्या रेतीचा, पातळ थर पुरे. दगडांच्या आत २ इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे लपवा, लांबी ईलपेक्षा जास्त, दोन्ही तोंडं उघडी. इतवारीत हार्डवेअरवाला कापून देतो, कडा फक्त कानशीनं घासून घ्या. जिला पूर्ण लपता येतं तीच ईल निर्धास्तपणे डोकं बाहेर काढून बसते, जिला लपता येत नाही ती रात्रभर टँकच्या कडा धुंडाळत फिरते.

झाकण

मी पहिली ईल झाकणामुळे घालवली. झाकण होतं, चांगलं काचेचं होतं, फक्त मागच्या कोपऱ्यात रिटर्न पाइप येतो तिथे दोन बोटांची फट होती. मला वाटलं एवढ्यातून काय जाणार. आणल्याच्या नवव्या दिवशी सकाळी आई सडा टाकायला उठली तर हॉलमध्ये चपलांच्या रॅकखाली ती पडलेली, आईला साप वाटला म्हणून तिनं मला हाक मारली. अंग पूर्ण सुकलं होतं. त्या फटीला स्पंजचा एक तुकडा लावला असता तर ती आज असती, हे मला अजून डाचतं.

तेव्हा नियम असा की ईलचं डोकं जिथून जाईल तिथून ती अख्खी जाते, मग पुढून शिरो की शेपूट आधी घालून मागे मागे सरकत निघो. पूर्ण काचेचं झाकण आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी तापवतं, म्हणून अॅक्रेलिकची चौकट करून त्यावर बारीक नायलॉन जाळी ताणून बसवा, हवा खेळती राहते आणि पंखे पण काम करतात. चारही बाजूंना प्लास्टिकचे क्लॅम्प लावा, कारण ती नाकानं उचलून बघते. पाइपच्या, वायरच्या प्रत्येक भोकाभोवती स्पंज ठासा. सम्पकडे जाणाऱ्या ओव्हरफ्लोच्या तोंडावर जाळी, नाहीतर एक दिवस ईल सम्पमध्ये सापडेल, आणि पंपाच्या तोंडाशी गेली तर सापडणारही नाही. झाकण झालं की अंधारात टँकच्या आत टॉर्च लावा आणि बाहेरून बघा, जाळी सोडून कडांना आणि भोकांशी जिथून सरळ उजेड फुटतो तिथे फट आहे.

आणि कधी बाहेर सापडलीच तर मेली समजून टाकू नका. कातडीवरचा बुळबुळीत थर ओला असेल तर ती बराच वेळ जगते. ओल्या कपड्यात, ओल्या हातानं उचला, टँकमध्ये सोडा, एअर पंप फुल करा, लाइट बंद करा आणि वाट पाहा.

सायकल

पाणी, दगड, स्किमर सगळं चालू झालं की जाळीच्या पिशवीत एक सोललेला झिंगा टाका. तो सडतो, अमोनिया तयार होतो, त्यावर एक प्रकारचे बॅक्टेरिया येतात जे अमोनियाचं नायट्राइट करतात, मग दुसरे जे नायट्राइटचं नायट्रेट करतात. या सगळ्याला सायकल म्हणतात, त्याला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. टेस्ट किट घेऊन आठवड्यातून दोनदा मोजा, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आलं म्हणजे टँक तयार. मग उन्हाळाभर आठवड्याला झिंग्याचा छोटा तुकडा टाकत राहा म्हणजे बॅक्टेरिया उपाशी मरत नाहीत.

ईल आणताना

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच काळ, तेव्हा थर्माकोलच्या खोक्यात ना तापत ना गारठत. बहुतेक ईल मुंबई किंवा चेन्नईहून विमानानं येतात. त्या सगळ्या समुद्रातून पकडलेल्या असतात, घरात यांची पिल्लं होत नाहीत, म्हणून मेली तर दुसरी आणू असा विचार कृपा करून करू नका. विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. ती खाऊन राहिली का, आणि खातानाचा व्हिडिओ मागा. किती दिवस झाले त्याच्याकडे येऊन, दोन आठवड्यांच्या आत असेल तर थांबा. आणि त्याच्या टँकमध्ये कॉपरचं औषध आहे का, कारण खवले नसल्यानं ईलला कॉपर सोसत नाही. त्याच्या पाण्याची सॅलिनिटी, म्हणजे खारेपणा, पण विचारून घ्या, याचा पुढे उपयोग आहे.

पिशवी घरी आली की काय करायचं यावर बरेच जण सांगतील की दोन तास थेंब थेंब पाणी सोडा. जवळच्या दुकानातून आणली असेल तर ठीक. पण १५-२० तास पिशवीत राहिलेल्या ईलला हे घातक आहे. पिशवीत तिनं अमोनिया सोडलेला असतो, कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो म्हणून तो अमोनिया तेवढा विषारी नसतो, पण तोंड उघडलं की गॅस उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विष होतो. म्हणून आपल्या टँकची सॅलिनिटी आधीच विकणाऱ्याच्या पाण्याइतकी करून ठेवा, बंद पिशवी अर्धा तास तरंगत ठेवून तापमान जुळवा, मग उघडा आणि लगेच ईल टँकमध्ये घ्या. पिशवीचं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही. जाळीनं पकडू नका, ती गुंडाळून घेते स्वतःला, प्लास्टिकच्या डब्यात घ्या. नंतर दोन-तीन आठवड्यांत हळूहळू ३५ वर आणा.

पहिले तीन दिवस लाइट बंद. ती खाणार नाही, आठवडा, कधी दोन आठवडे पण खात नाही, तब्येतीनं भरलेली असेल तर घाबरू नका.

खाणं

आपल्याकडे बाजारात भंडारा-गोंदियाकडचे तलावातले झिंगे येतात, ते कधीतरी चालतील, पण मुख्य खाणं समुद्रातलं पायजे. फ्रोझन कोळंबी सालासकट, माकूल, शिंपल्यांचं मांस, आलटून पालटून. मीठ-मसाला लावलेलं, उकडलेलं नको. गोल्डफिश आणि गोड्या पाण्यातले फीडर मासे बिलकुल नको, त्यात थायमिनेज असतं जे व्हिटॅमिन बी१ नष्ट करतं, शिवाय रोग येतात. कोळंबीतही ते थोडंफार असू शकतं म्हणून आठवड्यातून एकदा तुकडा व्हिटॅमिनच्या थेंबात बुडवून द्या.

लहान ईलला दोन-तीन दिवसांआड, मोठीला आठवड्यातून दोनदा. तिला नीट दिसत नाही, वासावर चालते, म्हणून तुकडा नाकासमोर आणा आणि थांबा. फूटभर लांब प्लास्टिकचा चिमटा वापरा, धातूच्या चिमट्यावर ती दात मारून तोंड फोडून घेते. हातानं कधीच नाही. चावली तर हात झटक्यात ओढू नका, मांस फाटतं, सुटेपर्यंत थांबा, मग साबण-पाण्यानं भरपूर धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.

सोबतीला टँग, लायनफिशसारखे मोठे मासे चालतात. खेकडे-झिंगे ठेवले तर ते तिचं जेवण आहे. दुसरी ईल नको.

रोजचं

दर आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदला, नायट्रेट ४० च्या खाली ठेवा. टँकच्या खोलीत डासांची कॉइल, लिक्विड, स्प्रे काही लावू नका, त्यातली औषधं माशांना विषारी असतात आणि एअर पंप ती हवा थेट पाण्यात ओढतो. पावसाळ्यात डेंग्यूचा जोर वाढला की गल्लीत फॉगिंगची गाडी येते, तिचा आवाज आला की खिडक्या लावा आणि अर्धा-पाऊण तास एअर पंप बंद ठेवा, तेवढ्यात टँकला काही होत नाही.

गावाला जायचं असेल तर ईलला आठ दिवस काही खायला घालू नका आणि शेजाऱ्यालाही घालू देऊ नका, ती सहज राहते. शेजाऱ्याकडे फक्त तीन कामं द्या, रेघेपर्यंत आरओचं पाणी घालायचं, थर्मामीटरचा फोटो सकाळ-संध्याकाळ पाठवायचा, आणि झाकण उघडलं तर चारही क्लॅम्प परत लावून त्याचाही फोटो पाठवायचा.